घटक विश्लेषण आधी हाताने, मग संगणकावर

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या विषयांत एम.ए., एम.एड. आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ वाढली आहे. खेड्यांतील जिल्हा परिषद शाळांचे शिक्षकही आता संशोधनाकडे वळले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी अंबाजोगाईला तीस वर्षे मानसशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतरही कुणी ना कुणी आपला प्रबंध वाचायला घेऊन येते. या प्रबंधांत 'घटक विश्लेषण' नावाचे एक प्रकरण हमखास असते. प्रकरण भरगच्च असते, संगणकाने काढून दिलेले तक्ते त्यात ओळीने लावलेले असतात, पण 'घटक म्हणजे काय, आणि तो तुझ्या आकड्यांतून कसा निघाला?' असे विचारले की विद्यार्थी गप्प होतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी हा विषय त्याच्या हाताला कधी लागूच दिला नाही. घटक विश्लेषणाची जी सोपी, कागद-पेन्सिलीने करता येणारी रीत पूर्वी शिकवली जात असे, ती अभ्यासक्रमात पहिल्या पायरीवर परत आणावी, एवढे मागणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, कारण रीत प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय ती सोपी आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

आपले बहुतेक वाचक या विषयाचे नाहीत, म्हणून मूळ प्रश्नापासून सुरुवात करतो. ज्या मुलाला मराठीत चांगले गुण पडतात त्याला बहुधा इतिहासातही बरे गुण पडतात, आणि गणितात चांगला असलेला विज्ञानात सहसा मागे नसतो, हे कोणताही वर्गशिक्षक सांगेल. दोन विषयांचे गुण किती प्रमाणात एकत्र वाढतात-घटतात हे एका संख्येने सांगता येते, तिला सहसंबंध गुणक म्हणतात. ती १ असेल तर दोन्ही पूर्णपणे एका चालीने चालतात, शून्य असेल तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि उणे असेल तर एक वाढताना दुसरा घटतो. विषय सहा असतील तर असे सहसंबंध पंधरा होतात, दहा असतील तर पंचेचाळीस, आणि चाळीस विधानांची प्रश्नावली असेल तर सातशे ऐंशी. एवढ्या संख्यांकडे नुसते पाहून काही कळत नाही. त्यांच्यामागे मोजकी एक-दोन-तीन कारणे आहेत असे मानून या साऱ्या संख्यांचा उलगडा होतो का, हे तपासणे म्हणजे घटक विश्लेषण. माणसाच्या मनात घटक नावाची एखादी वस्तू दडलेली असते आणि संगणक ती शोधून बाहेर काढतो, असा समज या विषयाभोवती पसरला आहे. घटक हा सहसंबंधांचा आपण लावलेला अन्वय असतो, आणि तो चुकूही शकतो.

या विचाराचा उगम १९०४ सालचा आहे. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने त्या वर्षी बुद्धीच्या मापनावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात इंग्लंडमधील एका शाळेच्या मुलांचे सहा बाबींतील सहसंबंध दिले होते: ग्रीक-लॅटिन या अभिजात भाषा, फ्रेंच, इंग्रजी, गणित, दोन स्वरांतील फरक ओळखणे आणि संगीत. अभिजात भाषांचा फ्रेंचशी सहसंबंध ०.८३, इंग्रजीशी ०.७८, गणिताशी ०.७०, स्वरभेदाशी ०.६६ आणि संगीताशी ०.६३. फ्रेंचचा इंग्रजीशी ०.६७, गणिताशी ०.६७, स्वरभेदाशी ०.६५, संगीताशी ०.५७. इंग्रजीचा गणिताशी ०.६४, स्वरभेदाशी ०.५४, संगीताशी ०.५१. गणिताचा स्वरभेदाशी ०.४५, संगीताशी ०.५१. आणि स्वरभेदाचा संगीताशी ०.४०. या पंधरा संख्या मी मुद्दाम सगळ्या दिल्या आहेत, कारण पुढचा सारा हिशेब त्यांच्यावरच करायचा आहे.

स्पिअरमनच्या ध्यानात आले की या संख्या एका उतरंडीने लागलेल्या आहेत. कोणतेही चार विषय घ्यावेत आणि त्यांचे सहसंबंध तिरपे गुणावेत. उदाहरणार्थ, अभिजात भाषा-गणित आणि फ्रेंच-संगीत यांचा गुणाकार ०.७० गुणिले ०.५७, म्हणजे सुमारे ०.४०, आणि अभिजात भाषा-संगीत व फ्रेंच-गणित यांचा गुणाकार ०.६३ गुणिले ०.६७, म्हणजे सुमारे ०.४२. दोन्ही जवळजवळ सारखे. साऱ्या विषयांमागे एकच सामान्य घटक असेल, आणि उरलेले त्या त्या विषयाचे स्वतःचे वेगळेपण असेल, तरच असे गुणाकार बरोबरीत येतात. या एका निरीक्षणावर त्याने बुद्धीचा 'सामान्य घटक' मांडला. तो योग्य होता की अयोग्य, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे, आणि या पत्रात मला त्या वादात शिरायचे नाही. हा विचार दोन गुणाकारांत पडताळता येतो, आठवी पास झालेल्या मुलालाही तो करून पाहता येतो, आणि हीच गोष्ट मला मोलाची वाटते.

आता सोपी रीत. अमेरिकेतील लुई लिऑन थर्स्टन यांनी १९३१ च्या सुमारास ती मांडली आणि पुढच्या काही वर्षांत ती जगभर शिकवली गेली. इंग्रजीत तिला सेंट्रॉइड पद्धत म्हणतात, आपण केंद्रबिंदू पद्धत म्हणू. थर्स्टन हे मूळचे अभियंते, काही काळ एडिसनच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आणि हाताशी असलेल्या साधनांत काम भागवण्याची त्यांची दृष्टी या पद्धतीत स्पष्ट दिसते. सहा विषयांचा सहा ओळींचा आणि सहा स्तंभांचा तक्ता आखावा. सहसंबंध दोन्ही बाजूंनी लिहावेत. कर्णावर, म्हणजे विषयाचा स्वतःशीच जिथे मेळ येतो त्या रकान्यात, त्या स्तंभातील सर्वांत मोठा सहसंबंध लिहावा. हा अंदाज आहे आणि तो पुढे सुधारता येतो. मग प्रत्येक स्तंभाची बेरीज करावी. स्पिअरमनच्या तक्त्यात या बेरजा क्रमाने ४.४३, ४.२२, ३.९२, ३.६७, ३.३६ आणि ३.२५ अशा येतात. सर्वांची बेरीज २२.८५. तिचे वर्गमूळ ४.७८. प्रत्येक स्तंभाच्या बेरजेला ४.७८ ने भागले की त्या विषयाचा घटकभार, म्हणजे त्या विषयाचा घटकाशी किती घट्ट संबंध आहे ते सांगणारी संख्या, मिळतो: अभिजात भाषा ०.९३, फ्रेंच ०.८८, इंग्रजी ०.८२, गणित ०.७७, स्वरभेद ०.७०, संगीत ०.६८. इथे पहिला घटक निघाला. बेरीज, एक वर्गमूळ आणि सहा भागाकार, याखेरीज त्यात काहीही नाही.

यानंतरची पायरी मला सर्वांत आवडते, आणि तीच आज पूर्णपणे विसरली गेली आहे. काढलेले घटकभार खरे असतील तर दोन विषयांच्या भारांचा गुणाकार त्यांच्या सहसंबंधाइतका यायला हवा. इंग्रजी आणि गणित: ०.८२ गुणिले ०.७७ म्हणजे ०.६३, प्रत्यक्ष सहसंबंध ०.६४. अभिजात भाषा आणि फ्रेंच: ०.९३ गुणिले ०.८८ म्हणजे ०.८२; प्रत्यक्षात ०.८३. गणित आणि स्वरभेद मात्र ०.५४ येतो आणि प्रत्यक्षात ०.४५ आहे, म्हणजे ०.०९ ची तफावत राहते, आणि पंधरांमध्ये हीच सर्वांत मोठी. प्रत्येक जोडीची उरलेली तफावत दुसऱ्या तक्त्यात मांडावी. ती सगळीकडे किरकोळ असेल तर एका घटकाने काम भागले. काही जोड्यांत ती ठळकपणे एकाच बाजूला झुकलेली असेल तर दुसरा घटक शोधावा लागतो, आणि उरलेल्या तक्त्यावर हीच कृती पुन्हा करता येते. त्या वेळी काही ओळींची चिन्हे उलटवावी लागतात एवढेच. एक घटक पुरला की नाही हे विद्यार्थी इथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्वतः ठरवतो.

या पद्धतीतही उणिवा आहेत, आणि त्या लपवून तिची भलावण करणे बरोबर होणार नाही. कर्णावरचा अंदाज बदलला की उत्तर थोडे हलते. दुसरा घटक काढताना कोणती चिन्हे उलटवायची यात करणाऱ्याच्या निवडीला वाव राहतो. हॅरोल्ड हॉटेलिंग यांची १९३३ ची मुख्य घटकांची पद्धत आणि डी. एन. लॉली यांनी १९४० मध्ये मांडलेली महत्तम संभाव्यतेची पद्धत गणिताच्या दृष्टीने अधिक भक्कम आहेत. त्या हाताने करणे फार जिकिरीचे होते, म्हणून संगणक येईपर्यंत केंद्रबिंदू पद्धत टिकली आणि संगणक आल्यावर मागे पडली. अंतिम निष्कर्षासाठी आज ती वापरावी असे मी म्हणत नाही. परंतु पोहायला शिकणाऱ्याला आधी विहिरीच्या कडेला उतरवतात तशी ही कड आहे, आणि ती सोडून आम्ही मुलांना थेट मधोमध ढकलले.

संगणकाच्या बाबतीत काय झाले तेही सांगायला हवे. हेन्री कैसर यांनी अक्ष फिरवण्याची, म्हणजे प्रत्येक विधान शक्यतो एकाच घटकावर ठळक दिसावे म्हणून घटकांची मांडणी बदलण्याची, व्हॅरिमॅक्स ही रीत १९५८ मध्ये दिली, आणि किती घटक घ्यायचे यासाठी 'एकापेक्षा मोठे आयगेन मूल्य' हा निकष १९६० मध्ये रूढ केला. आयगेन मूल्य म्हणजे एक घटक किती विधानांइतका फरक सामावून घेतो याचे माप. मुख्य घटक काढा, एकापेक्षा मोठे तेवढे ठेवा, व्हॅरिमॅक्सने फिरवा, ही तीन पावलांची चाकोरी स्वतः कैसर यांनी 'लिटल जिफी' या नावाने ओळखली जाऊ दिली. झटपट काम असा त्याचा अर्थ. एसपीएसएस हे आमच्याकडे सर्वत्र वापरले जाणारे सॉफ्टवेअर, आपण काही बदलले नाही तर, पहिली दोन पावले आपणहून टाकते आणि तिसरे विद्यार्थी मागच्या प्रबंधात पाहून निवडतो. हा निकष विधाने पुष्कळ असताना घटकांची संख्या फुगवतो, हे या विषयातील अभ्यासकांनी अनेकदा दाखवले आहे. जॉन हॉर्न यांनी १९६५ मध्येच त्यावर उपाय सुचवला होता: आपल्याइतक्याच मुलांचे आणि तितक्याच विधानांचे निव्वळ यदृच्छेने भरलेले आकडे घ्यावेत, त्यांच्यातूनही किती मोठी मूल्ये निघतात ते पाहावे, आणि आपले मूल्य त्याहून मोठे असेल तरच तो घटक धरावा. उत्तरांच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानापुरत्या वेगवेगळ्या मिसळून वर्गात हे समजावून देता येते. रेमंड कॅटेल यांची १९६६ ची, या मूल्यांचा आलेख काढून उताराचे वळण पाहण्याची रीत तर त्याहूनही साधी आहे. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला विद्यार्थी मला गेल्या दहा वर्षांत क्वचितच भेटला.

एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण माझे मत त्यावरच पक्के झाले. धारूर तालुक्यातील एका शाळेत शिकवणाऱ्या बाई आपला प्रबंध घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. विषय होता शालेय समायोजन, म्हणजे मूल शाळेत किती रुळले आहे त्याचे मापन. इंग्रजीतून मराठीत आणलेली चाळीस विधाने होती, आणि सॉफ्टवेअरने अकरा घटक दिले होते. त्यांनी अकराही घटकांना नावे दिली होती. त्यांतल्या एकाचे नाव होते 'घरओढ', आणि त्यात एकच विधान ठळक होते: 'मी आईवडिलांशिवाय आठवडाभर राहू शकतो.' मूळ प्रश्नावलीत हे विधान स्वावलंबनाचे मानले होते. मी त्यांना म्हटले, स्वावलंबनाची म्हणून जी दहा विधाने आहेत तेवढीच काढू, त्यांचे पंचेचाळीस सहसंबंध कागदावर उतरवू आणि बेरजा करू. आम्ही ओसरीत बसलो. नऊ स्तंभांच्या बेरजा एकमेकींच्या आसपास आल्या. या एका विधानाच्या स्तंभात मात्र काही संख्या अधिक, काही उणे अशा मिसळलेल्या होत्या आणि बेरीज शून्याच्या जवळ अडकली. बाईंनी पेन्सिल त्या स्तंभावर ठेवली, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गातली निम्मी लेकरं तर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आजीपाशीच असतात की."

ती ऊसतोड कामगारांची मुले होती. आईवडील कारखान्याच्या फडावर गेले की ही मुले गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. 'आईवडिलांशिवाय आठवडाभर राहू शकतो' या विधानाला 'होय' म्हणताना इतर मुले आपला धीटपणा सांगत होती, आणि ही मुले आपल्या घरची परिस्थिती सांगत होती. पुढे बाईंनी दोन्ही गटांचे सहसंबंध वेगवेगळे काढले. ज्यांचे आईवडील गावातच असतात त्या मुलांत ते विधान बाकीच्या नऊ विधानांबरोबर नीट चालले; ऊसतोडीच्या मुलांत ते त्यांच्या विरुद्ध दिशेने गेले. दोन गट एकत्र केल्याने परस्परविरोधी संबंध एकमेकांना खोडत होते, आणि संगणकाने त्या खोडाखोडीचा स्वतंत्र घटक करून दिला होता. 'घरओढ' नावाचे काही त्या मुलांच्या मनात नव्हते. सहसंबंधांचा तक्ता सॉफ्टवेअरकडे मागितला असता तर मिळाला असता हे खरे आहे, पण तो मागावा हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. निम्मा वर्ग सहा महिने आईवडिलांविना राहतो ही गोष्ट त्या बाईंना रोज हजेरी घेताना ठाऊक होती. ती त्यांच्या संशोधनापर्यंत पोहोचायला पेन्सिलीने केलेल्या दहा बेरजा लागल्या.

परक्या भाषेतून आणलेल्या प्रश्नावल्यांत असे धोके पदोपदी असतात. 'पार्टीमध्ये मी अनोळखी लोकांशी सहज बोलतो' या विधानाला एका मुलाने 'आमचे वडील पार्टीत नाहीत' असे शेजारी लिहून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे. पार्टी म्हणजे त्याला राजकीय पक्ष एवढेच माहीत होते. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूप नव्वद वर्षांपूर्वी तयार केले, तेव्हा प्रश्न इथल्या मुलांवर वापरून, पारखून, वयोमानाप्रमाणे पुन्हा बसवावे लागले होते. आज भाषांतर होते आणि विश्वसनीयतेचा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा, आल्फा गुणक ०.७० च्या वर गेला की काम संपले असे मानले जाते. ली क्रोनबाख यांनी १९५१ मधील लेखाने सर्वांपर्यंत पोहोचवलेल्या या गुणकाचा अर्थ 'ही प्रश्नावली एकच गोष्ट मोजते' असा होत नाही. विधाने पुष्कळ असली की दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजणाऱ्या प्रश्नावलीचाही आल्फा चांगला येऊ शकतो. एक घटक आहे की नाही हे घटक विश्लेषणानेच पाहावे लागते, म्हणून तर ते समजून करणे एवढे महत्त्वाचे.

हा केवळ प्रबंधांपुरता प्रश्न असता तर आपल्या दैनिकाची जागा मी अडवली नसती. दहावीनंतर मुलाचा कल पाहण्याच्या चाचण्या आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात परळीकडचे एक शेतकरी गृहस्थ मुलाचा अहवाल घेऊन आले होते. एका खासगी केंद्राने पैसे घेऊन तो दिला होता. रंगीत स्तंभ होते, 'अवकाशीय क्षमता', 'शब्दक्षमता', 'तर्कक्षमता' अशी सात नावे होती, आणि त्या आधारे मुलाने शास्त्र शाखेला जाऊ नये असे लिहिले होते. या सात नावांचे मूळ थर्स्टन यांच्या १९३८ च्या अभ्यासात आहे. त्यांनी २४० विद्यार्थ्यांना ५६ चाचण्या देऊन, वर सांगितलेल्या केंद्रबिंदू पद्धतीने आणि नंतर अक्ष फिरवून, सात प्राथमिक क्षमता मांडल्या होत्या. म्हणजे ती नावे अमेरिकेतल्या विशिष्ट तरुणांच्या, विशिष्ट चाचण्यांच्या सहसंबंधांतून निघालेली आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या परळीच्या मुलावर ती लागू पडतात की नाही हे मराठी मुलांच्या उत्तरांवर पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ते तपासले आहे का, किती मुलांवर, याचा एक शब्दही त्या अहवालात नव्हता. त्या वडिलांना मी काय सांगणार? मी मुलाच्या नववी-दहावीच्या गुणपत्रिका पाहिल्या, त्याच्याशी तासभर बोललो, आणि शास्त्र घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे असे सांगितले. पण असा अहवाल हाती घेतल्यावर 'हे घटक कोणाच्या उत्तरांवरून काढले?' असे विचारणारा एक तरी शिक्षक प्रत्येक शाळेत असायला हवा, आणि तो आमच्याच वर्गातून तयार व्हायचा आहे.

नमुन्याच्या आकाराबद्दलही दोन शब्द. कॉमरी आणि ली यांनी १९९२ मध्ये दिलेला अंदाज असा आहे की घटक विश्लेषणासाठी १०० व्यक्ती कमी, २०० ठीक, ३०० चांगल्या आणि ५०० खूप चांगल्या. आमच्याकडे साठ-सत्तर मुलांवर चाळीस विधानांचे विश्लेषण सर्रास होते. सातशे ऐंशी सहसंबंध साठ मुलांच्या उत्तरांवर उभे केले तर त्यांतले कितीतरी केवळ योगायोगाने मोठे दिसणार. त्यापेक्षा आठ-दहा विधानेच घ्यावीत, ती नीट पारखावीत, आणि शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या संशोधकाने तीच विधाने आणखी शंभर मुलांना द्यावीत. घटक सापडल्यावर प्रत्येक मुलाचा गुण काढतानाही दशांश चिन्हांचे वेगवेगळे भार लावण्याची सहसा गरज नसते. ज्या विधानांचा भार स्पष्ट आहे त्यांचे गुण, योग्य चिन्हासह, सरळ मिळवावेत. लहान नमुन्यावरून काढलेले बारीक भार दुसऱ्या गटात टिकत नाहीत, साधी बेरीज टिकते. रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये समान भारांच्या बाजूने हेच सविस्तर मांडले होते. शिक्षकाला शाळेत वापरता येईल असे मापन हवे असेल तर ते असेच असले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकांत सहा ते दहा चलांचे, म्हणजे विषयांचे किंवा विधानांचे, एक घटक विश्लेषण हाताने करणे आवश्यक करावे, उरलेल्या तफावतींच्या तक्त्यासह, आणि त्याच आकड्यांचे विश्लेषण नंतर संगणकावर करून दोन्ही उत्तरे शेजारी मांडायला सांगावीत. दोन तासिकांचे काम आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. संगणकाकरिताही आर आणि जामोवी ही विनामूल्य सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत, महागड्या परवान्यावाचून अडण्याचे कारण उरलेले नाही. आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती अशी की घटक विश्लेषण असलेल्या प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात सहसंबंधांचा पूर्ण तक्ता आणि मुलांची संख्या छापण्याचा आग्रह धरावा. फिरवलेल्या घटकांचा तक्ता छापून मूळ सहसंबंध गाळले तर पुढच्या वाचकाला काहीच पडताळता येत नाही. स्पिअरमनने १९०४ मध्ये आपला तक्ता छापला म्हणूनच आज अंबाजोगाईत बसून मला त्यावर हिशेब करता आला. धारूरच्या मुलांचा तक्ता छापला गेला तर पुढे कधी तरी पाथरीच्या, कळंबच्या किंवा औंढ्याच्या शिक्षकाला तो आपल्या मुलांच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहता येईल. मराठवाड्यातील मुलांविषयी आपले स्वतःचे म्हणावे असे ज्ञान त्यातूनच साठत जाईल, आणि ते साठावे अशी माझी फार इच्छा आहे.

ज्या प्राध्यापकांना किंवा शिक्षकांना हा हिशेब वर्गात घ्यावासा वाटेल त्यांच्यासाठी पुढची फेरीही देऊन ठेवतो. पहिल्या फेरीत आलेल्या घटकभारांचे वर्ग करावेत आणि कर्णावरच्या जुन्या संख्या खोडून ते वर्ग तिथे लिहावेत: अभिजात भाषांसाठी ०.८६, फ्रेंचसाठी ०.७८, इंग्रजीसाठी ०.६७, गणितासाठी ०.५९, स्वरभेदासाठी ०.४९ आणि संगीतासाठी ०.४६. बेरजा पुन्हा कराव्यात. एकूण बेरीज २२.२८ च्या आसपास यावी, वर्गमूळ ४.७२, आणि नवे घटकभार ०.९४, ०.८८, ०.८१, ०.७५, ०.६८ आणि ०.६५. आता गणित आणि स्वरभेद यांच्यातली तफावत ०.०९ वरून ०.०६ वर उतरलेली दिसेल. पहिल्या फेरीची बेरीज २२.८५ न येता १८.४२ आली, तर कर्णावरच्या सहा संख्या मिळवायच्या राहिल्या आहेत असे समजावे. माझ्या वर्गात दर वर्षी निम्म्या मुलांच्या त्या राहत असत.

आपला,
मानसशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
अंबाजोगाई, जि. बीड